कुटार विकलं, सोबत पालाशही गेलं : युरिया वाढूनही गहू का अडतो? पन्नास वर्षांच्या प्रयोगाचं उत्तर

मिसरोद (भोपाळ) : भोपाळहून नर्मदापुरमकडे निघालं की शहर संपता संपता मिसरोद लागतं. रेल्वे स्टेशन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉलन्या, प्लॉट विक्रीचे बोर्ड आणि त्यांच्या मागे अजून शिल्लक असलेली काळी वावरं. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू, हा या भागाचा ठरलेला फेरा. एप्रिलमध्ये हार्वेस्टर फिरून गेलं की दाणा मंडीत जातो. मागे राहते ती नरवाई, म्हणजे गव्हाचे उभे खुंट. त्यावर स्ट्रॉ रिपर फिरवला तर भुसा निघतो, ज्याला विदर्भात कुटार म्हणतात. तो डेअरीवाले उचलतात. नाही फिरवला, तर बरेच जण काडी लावून मोकळे होतात.

सातपुड्याच्या अलीकडे असो की पलीकडे, काळ्या रानातला शेतकरी एक तक्रार हमखास करतो. युरिया वाढवला, बियाणं बदललं, पाणीही दिलं, तरी उत्पादन काही पुढे सरकत नाही. या तक्रारीचं उत्तर शोधण्याचं काम ज्या प्रयोगातून झालं, त्याचा देशभराचा हिशेब भोपाळमध्येच ठेवला जातो. मिसरोद शहराच्या दक्षिणेला, तर हिशेब ठेवणारी भारतीय मृदा विज्ञान संस्था उत्तरेला बैरसिया रोडवर, नबीबागमध्ये. अकोला आणि परभणीच्या प्रयोगांची आकडेवारीही इथेच येते.

तोच तुकडा, तेच खत, दरवर्षी

या प्रयोगाचं नाव दीर्घकालीन खत प्रयोग. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० मध्ये ११ केंद्रांवर तो सुरू केला. हरितक्रांतीचे ते दिवस होते. बुटक्या जातीचे गहू आले होते, खताचा वापर वाढत होता आणि एक शंका सगळ्यांच्या मनात होती : वर्षानुवर्षं रासायनिक खत टाकत गेलो तर जमिनीचं काय होईल? भोपाळची संस्था १९८८ मध्ये उभी राहिली आणि पुढे या प्रयोगाचं समन्वयाचं काम तिच्याकडे आलं. केंद्रंही वाढत गेली. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात सोयाबीन आणि गहू, आणि सुरुवातीला त्यांच्या मागोमाग चाऱ्याचा मका, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी आणि गहू. परभणीत सोयाबीन आणि करडई. म्हणजे दाण्याची पिकंही आली आणि जनावराच्या वैरणीचीही.

पद्धत ऐकायला फार सोपी आहे. एका वावराचे छोटे तुकडे पाडायचे. एकाला काहीच खत द्यायचं नाही. दुसऱ्याला फक्त नत्र, तिसऱ्याला नत्र आणि स्फुरद, चौथ्याला नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही. मग शिफारशीच्या निम्मी मात्रा, दीडपट मात्रा, जस्त घातलेला तुकडा, गंधक वगळलेला तुकडा, आणि एक तुकडा तिन्ही खतांसोबत शेणखत दिलेला. त्यानंतर दरवर्षी त्याच तुकड्याला तेच द्यायचं आणि दाणा किती, काड किती, माती कशी, हे लिहून ठेवायचं. एका हंगामात यातून फारसं काही कळत नाही. पंधरा-वीस वर्षांनी तुकडे बोलायला लागतात.

एकट्या युरियाच्या तुकड्याचं काय झालं?

फक्त नत्र दिलेला तुकडा सुरुवातीला बरा पिकतो. हिरवागार दिसतो आणि शेतकरी खूश होतो. पण नत्रामुळे वाढलेलं पीक जमिनीतलं स्फुरद, पालाश, गंधक, जस्त हेही जास्त उचलतं. ते कोणी परत टाकत नाही. काही वर्षांत स्फुरद संपत येतं आणि उत्पादन खाली यायला लागतं. जबलपूर, अकोल्यासारख्या काळ्या जमिनीत ही घसरण हळूहळू होते, कारण ही माती मुळात श्रीमंत. हिमाचलच्या पालमपूरमधल्या आम्लधर्मी मातीत मात्र एकट्या नत्राच्या तुकड्यात मका आणि गहू जवळपास शून्यावर आले. काहीच खत न दिलेला तुकडा त्यापेक्षा बरा ठरला.

बैलजोडीचं उदाहरण इथे चपखल बसतं. एक बैल कितीही दणकट असला तरी दुसरा अडला की नांगर जागचा हलत नाही. दणकट बैलाला आणखी सरकी-ढेप चारून उपयोग नसतो. युरियाची तिसरी-चौथी बॅग म्हणजे तीच ढेप.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे आणि ती फार सांगितली जात नाही. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही योग्य प्रमाणात दिलेल्या काळ्या जमिनीच्या तुकड्यात माती बिघडली नाही. तिथला सेंद्रिय कर्ब बिनखताच्या तुकड्यापेक्षा जास्त राहिला, कारण पीक जोमदार आलं आणि मुळं, पाला, धसकटं मातीत जास्त पडली. म्हणजे ‘रासायनिक खतानं जमीन मरते’ हे सरसकट बोलणं या प्रयोगात टिकत नाही. जमीन खंगली ती एकतर्फी खतानं. आणि सगळ्यात वर राहिला तो तिन्ही खतांसोबत शेणखत मिळालेला तुकडा. जबलपूर आणि अकोला दोन्हीकडे हेच दिसलं.

डीएपीमधून काय येत नाही?

प्रयोगातला गंधक वगळलेला तुकडा नीट पाहण्यासारखा आहे. बाकी तुकड्यांना स्फुरद मिळतं सिंगल सुपर फॉस्फेटमधून. त्यात १६ टक्के स्फुरदासोबत ११ टक्क्यांच्या आसपास गंधकही असतं. गंधक वगळायचं म्हणून या एका तुकड्याला स्फुरद दिलं जातं डीएपीमधून. संशोधकांनी ‘गंधक नसेल तर काय होईल’ हे पाहण्यासाठी जे मुद्दाम केलं, तेच मिसरोदपासून मेळघाटापर्यंतचा शेतकरी दर हंगामात सवयीनं करतो आहे.

सोयाबीन हे तेलबियाचं पीक. तेल धरायला त्याला गंधक लागतं. शेंगवर्गीय असल्यानं ते हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत साठवतं, पण गंधक मातीतूनच घ्यावं लागतं. सुपर फॉस्फेटच्या बॅगा जास्त उचलाव्या लागतात, ट्रॉलीत जागा जास्त जाते, मजुरी वाढते. डीएपीची एक बॅग टाकली की काम संपतं. म्हणून डीएपीसाठी रांगा लागतात आणि सुपर फॉस्फेट दुकानात पडून राहतं.

एका एकराचा जमाखर्च

आता हिशेब मांडून पाहू. समजा एका एकरात २० क्विंटल गहू झाला. एक टन गहू पिकताना दाणा आणि काड मिळून साधारण २५ किलो नत्र, ८ ते ९ किलो स्फुरद आणि ३० किलोहून थोडं जास्त पालाश जमिनीतून उचललं जातं. म्हणजे २० क्विंटलला अंदाजे ५० किलो नत्र, १७ किलो स्फुरद आणि ६० ते ६५ किलो पालाश.

शेतकऱ्यानं टाकलं काय? नेहमीचं : एक बॅग डीएपी, दोन बॅगा युरिया. ५० किलोच्या डीएपीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. ४५ किलोच्या दोन युरियांत ४१ किलो नत्र. बेरीज करा : नत्र ५० किलो, स्फुरद २३ किलो, पालाश शून्य, गंधक शून्य.

दिलेलं सगळं नत्र पिकाच्या पोटात जात नाही, काही हवेत उडतं, काही पाण्यासोबत खाली जातं. ते बाजूला ठेवलं तरी पहिली दोन खाती वरवर जुळतात. तिसऱ्या खात्यात मात्र दरवर्षी फक्त खर्च आणि जमा काहीच नाही. हे खातं चालतं कशावर? काळ्या जमिनीच्या जुन्या ठेवीवर. या मातीत पालाश मुळातच भरपूर. म्हणूनच प्रयोगात पहिली बरीच वर्षं ‘नत्र-स्फुरद’ आणि ‘नत्र-स्फुरद-पालाश’ या दोन तुकड्यांत फारसा फरक दिसला नाही आणि काळ्या जमिनीला पालाश लागत नाही असा समज पक्का झाला. पण मातीची तपासणी दुसरंच सांगते : पालाश न दिलेल्या तुकड्यांत पिकाला मिळू शकणारं पालाश घटत जातं. ठेव मोठी असली म्हणून न भरता काढत राहिल्यावर ती कमी होणारच.

शेतकरी असं का करतो, याचं उत्तर किमतीत आहे. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे एक किलो नत्र साधारण १३ रुपयांना पडतं. १३५० रुपयांच्या डीएपीतून नत्राची किंमत वजा केली तर एक किलो स्फुरद ५० रुपयांच्या वर जातं. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे एमओपीची बॅग दीड ते दोन हजारांच्या दरम्यान धरली, तर एक किलो पालाश ५० ते ६६ रुपये. जे स्वस्त ते हात सैल सोडून टाकलं जातं. यात शेतकऱ्याचं अडाणीपण कुठेच नाही. बाजारानं त्याला जे दर दाखवले, त्याप्रमाणे तो वागतो.

दाण्यात काय जातं, चाऱ्यात काय जातं?

उचललेलं अन्नद्रव्य झाडात सगळीकडे सारखं वाटलेलं नसतं. नत्र आणि स्फुरद मुख्यतः दाण्यात जातात. पालाश मात्र दाण्यात थोडं आणि काडात जास्त असतं. गव्हानं उचललेल्या पालाशपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काडात राहतो. ज्वारीच्या कडब्याची आणि मक्याच्या वैरणीची गोष्टही अशीच.

म्हणजे वरच्या एकरातल्या ६० ते ६५ किलो पालाशपैकी ४५ ते ५० किलो काडात आहे. पूर्वी हे काड गावातच राहायचं. बैल खायचे, शेण उकिरड्यात पडायचं, उन्हाळ्यात गाडीगाडीनं वावरात परत यायचं. जनावरांच्या मुतात पालाश भरपूर असतं, गोठ्यातल्या मातीसोबत तेही परत यायचं. पालाशचं खत कोणी विकत घेत नव्हतं, कारण ते गावाबाहेर जातच नव्हतं.

आता बैल गेले आणि ट्रॅक्टर आले. भुसा ट्रॉलीत भरून शहरालगतच्या डेअऱ्यांना जातो आणि शेण तिथेच राहतं. स्ट्रॉ रिपर सगळं काड उचलत नाही, काही वावरात पडतं. तरी निम्मं जरी बाहेर गेलं, तरी एकरी २२ ते २५ किलो पालाश ट्रॉलीसोबत गेलं. ते एमओपीनं भरून काढायचं म्हटलं तर ४० किलोच्या आसपास खत लागेल, म्हणजे बाराशे ते सोळाशे रुपये. भुशाचा सौदा करताना ही रक्कम कोणी धरत नाही.

आणि जाळलं तर?

जाळल्यावर पालाश बरंचसं राखेत राहतं, म्हणून काही जण ‘राख म्हणजे खतच’ असं म्हणतात. ते अर्धसत्य आहे. काडातलं बहुतेक नत्र धुरासोबत जातं, गंधकाचाही मोठा भाग जातो आणि सेंद्रिय कर्ब तर सगळाच जातो. राख वाऱ्यानं दुसऱ्याच्या वावरात गेली तर पालाशही गेलं. धुऱ्यावरचं गवत, झाडं, शेजाऱ्याचं उभं पीक धोक्यात येतं ते वेगळं.

नर्मदापुरम पट्ट्यात नरवाई जाळण्यामागे घाई असते. तवा धरणाचं कालव्याचं पाणी मिळतं, उन्हाळी मूग लावायचा असतो आणि वावर चार दिवसांत मोकळं हवं असतं. म्हणून नुसतं ‘जाळू नका’ सांगून भागत नाही. नरवाई उभी असतानाच पेरणी करणारी हॅपी सीडर आणि सुपर सीडरसारखी यंत्रं त्यासाठीच आली. अशा यंत्रांवर काम करणारी केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थाही भोपाळच्या नबीबागमध्येच आहे. यंत्र वेळेवर भाड्यानं मिळालं, तरच शेतकरी काडी लावायचं थांबेल. आज अडचण तिथेच आहे.

इंग्लंडचा गहू आणि इंग्लंडचं गवत

एवढी वर्षं एकाच तुकड्यावर प्रयोग करण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये गव्हाचा प्रयोग सुरू केला. तो आजही चालू आहे. तिथला बिनखताचा तुकडा अजूनही हेक्टरी टनाच्या आसपास गहू देतो. त्यामुळे ‘आमची जमीन खताशिवायही पिकते’ हे म्हणणं खोटं नाही. प्रश्न किती पिकते हा आहे.

१८५६ मध्ये त्यांनी वैरणीच्या गवताच्या कुरणावरही असाच प्रयोग लावला. जिथे नत्र भरपूर दिलं तिथे मोजक्या जातींचं उंच गवत माजलं आणि बाकी वनस्पती हटल्या. जिथे नत्राशिवाय स्फुरद आणि पालाश दिलं, तिथे क्लोव्हरसारख्या शेंगवर्गीय वनस्पती वाढल्या. बरसीम, लसूणघास लावणाऱ्या दूध उत्पादकानं हे लक्षात ठेवावं. ही शेंगवर्गीय वैरण नत्र स्वतः मिळवते, तिला हवं असतं स्फुरद आणि पालाश. शिवाय दर कापणीला सगळं झाड बाहेर जातं, मागे काही उरत नाही. चाऱ्याचं वावर म्हणूनच दाण्याच्या वावरापेक्षा लवकर रिकामं होतं.

भारतातही ही परंपरा नवी नाही. कानपूरला १८८५ मध्ये आणि कोईमतूरला १९०९ मध्ये असे कायमस्वरूपी खत प्रयोग लागले होते.

ठेक्याची जमीन : खातं कोण भरणार?

मिसरोदसारख्या शहरालगतच्या भागात एक वेगळी अडचण आहे. जमिनीचा भाव एकरात नाही, चौरस फुटात बोलला जातो. प्लॉट पडेपर्यंत जमीन पडीक ठेवायची नाही, म्हणून मालक ती वर्षाच्या ठेक्यानं किंवा बटईनं देतो. कसणाऱ्याला पुढच्या वर्षी तेच वावर मिळेल याची खात्री नसते.

शेणखताचा फायदा दोन-तीन वर्षं टिकतो, पालाशची भरपाई तर त्याहून सावकाश दिसते. मग एका वर्षाचा माणूस त्यात पैसे का घालेल? तो युरिया टाकेल, कारण युरियाचा परिणाम त्याच हंगामात दिसतो. पैशाच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं चुकत नाही. विदर्भात अमरावती, नागपूरच्या आजूबाजूलाही जमिनी अशाच ठोक्यानं दिल्या जातात. तोटा कोणाच्याच पासबुकात दिसत नाही. तो मातीत साचत जातो आणि पुढे ज्याच्या वाट्याला ती जमीन येईल त्याला दिसतो. ठेका तीन वर्षांचा केला आणि शेणखताचा खर्च मालकानं निम्मा उचलला, तर दोघांचाही हिशेब बसू शकतो. असा करार करायला सरकारी योजना लागत नाही.

मग करायचं काय?

पहिलं काम माती तपासणीचं. मृदा आरोग्य कार्ड योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. कार्डावर १२ गोष्टी येतात, त्यात पालाश, गंधक आणि जस्तही असतं. देशभरात तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत जस्त कमी आढळलं आहे. गहू निघाल्यावर, नवं खत टाकण्याआधी, वावरात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणांहून वीतभर खोल माती घ्यावी, मिसळून अर्धा किलो ठेवावी. धुऱ्याची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घेऊ नये, नाहीतर कार्ड खोटं बोलतं.

दुसरं, सोयाबीनला शक्य तिथे डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट वापरावं. डीएपीच्या एका बॅगेतलं स्फुरद सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगांत मिळतं आणि सोबत १६ किलोच्या आसपास गंधक येतं. डीएपीतलं ९ किलो नत्र कमी पडेल, ते २० किलो युरियानं भरतं.

तिसरं, कार्डात पालाश कमी किंवा मध्यम दिसलं तर गव्हाच्या पेरणीसोबत पालाश द्यावं. भरपूर दिसलं तर घाईनं एमओपी आणायची गरज नाही. पण भुसा दरवर्षी विकत असाल तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासणी करावी.

चौथं, शेणखत. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र आणि तेवढंच पालाश धरलं, तर एकरी ४ टनांतून दोन्ही २०-२० किलो मिळतात. घरी जनावरं नसतील तर भुसा नेणाऱ्या डेअरीवाल्याशीच सौदा करता येतो : पैसे थोडे कमी दे, पण परतीच्या ट्रॉलीत शेणखत आण. डेअरीवाल्यालाही शेणाचा ढीग कुठे टाकायचा हा प्रश्न असतोच. रिकाम्या परतणाऱ्या ट्रॉलीचं डिझेल तर कोणीतरी भरतंच आहे.

नवं बियाणं दरवर्षी येत राहील आणि त्याची जाहिरातही होत राहील. पण जबलपूर आणि अकोल्याच्या तुकड्यांत बियाणं, पाणी, मशागत सगळं सारखंच होतं. फरक होता तो फक्त मातीला काय परत मिळालं याचा, आणि तेवढ्या फरकानं एक तुकडा खंगला, दुसरा भरला. येत्या एप्रिलमध्ये भुशाचा भाव ठरेल तेव्हा ट्रॉलीत कुटारासोबत आणखी काय चाललंय, तेही एकदा मोजून पाहायला हरकत नाही.